कुलूपबंद दारावरची नोटीस

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर निविदा सूचना, नावात बदल, हरवलेली गुणपत्रके यांच्या गर्दीत कधीतरी एक लहानशी चौकट दिसते. तिच्यात एखाद्या तान्ह्या बाळाचा, नाहीतर दोन-तीन वर्षांच्या मुलाचा फोटो असतो. फोटो बहुधा इतका काळवंडलेला, की डोळे कुठले आणि सावली कुठली ते कळू नये. खाली संस्थेने ठेवलेले नाव, अंदाजे वय, मूल कुठे आणि कधी मिळाले ते आणि शेवटी ठरलेले वाक्य : पालकांनी किंवा नातेवाइकांनी अमुक दिवसांच्या आत संपर्क साधावा, अन्यथा बालकाचे पुनर्वसन करण्यात येईल. आपण पान उलटतो. तो मजकूर आपल्यासाठी नसतोच. ज्यांच्यासाठी असतो, त्यांच्या घरी बहुतेक वेळा वर्तमानपत्र येत नाही.

ही चौकट म्हणजे एक नोटीस असते. विजेच्या थकबाकीची नोटीस आली तरी आपण ती चार वेळा वाचतो, ओळखीच्या माणसाला दाखवतो. ही नोटीस तर एखाद्या बाईला सांगत असते की, तुझे मूल कायमचे दुसऱ्या घरी जाणार आहे, काही म्हणायचे असेल तर ये. ती तिच्यापर्यंत पोचते का? पोचली तर समजते का? आणि समजून ती आली, तर तिचे कोणी ऐकून घेते का? आज मला त्याबद्दल बोलायचे आहे.

आपल्याकडे अशा मुलांचा निर्णय नेहमीच्या कोर्टात होत नाही, तो बाल कल्याण समितीपुढे होतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात निदान एक अशी समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. नाव समिती असले तरी ती न्यायपीठ म्हणून बसते आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. सापडलेले, सोडून दिलेले, छळ झालेले, ज्याला पाहायला कोणी नाही असे मूल, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढे आणावे लागते. मग सामाजिक तपासणी होते आणि मूल पहिल्यांदा समोर आल्यापासून चार महिन्यांत अंतिम निर्णय व्हावा, अशी अपेक्षा असते. मूल अनाथ किंवा परित्यक्त ठरले, तर समिती त्याला दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाबाबत ही मुदत दोन महिन्यांची, त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांची. हे चार महिने ध्यानात ठेवा, पुढे त्यांच्याशी काम आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्याच्या अशा समितीवर सदस्य होते. वकिली करीत असल्याने कायदा आपल्याला कळतो, असा माझा समज होता. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगते. मुलांची ओळख पटेल असे काही सांगणार नाही, कायद्यानेही ते योग्य नाही.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील. सरकारी दवाखान्यातल्या समाजसेविकेचा फोन आला. एका म्हातारीला अर्धांगाचा झटका आला होता, वाचा गेली होती आणि तिच्याबरोबर आलेली दोन नातवंडे व्हरांड्यात बसून होती. मुलगी नऊ वर्षांची, भाऊ तीनचा. रीतसर मुले समितीपुढे आली, बालगृहात गेली. मुलीने आई-वडिलांची नावे सांगितली, गावाचे नाव सांगितले. कागद पूर्ण झाला. आजी राहायची ते गाव वेगळे, आई-वडिलांचे गाव वेगळे. त्यांच्या गावी नोटीस गेली. परत आलेल्या अहवालात लिहिले होते : घर बंद, शेजाऱ्यांनी ऊसतोडीला गेल्याचे सांगितले, कोणत्या कारखान्यावर ते माहीत नाही, पंचांसमक्ष नोटीस दारावर चिकटवली.

कायद्याच्या भाषेत नोटीस बजावली गेली. आम्ही पुढची तारीख दिली. कोणी आले नाही. पुन्हा एक नोटीस, पुन्हा तेच दार, पुन्हा तेच कुलूप. फेब्रुवारी उजाडला. फाईलवर शेरा तयार होऊ लागला होता : पालक वारंवार संधी देऊनही हजर राहत नाहीत, मुलांबाबत अनास्था दिसते. हा शेरा लिहिणाऱ्यांत मीही होते. धाकटा तीन वर्षांचा, गोड, चुणचुणीत, त्याला चांगले घर मिळेल, असे कोणीतरी म्हणाले. ते वाईट हेतूने म्हटले नव्हते. बहिणीचे काय करायचे, यावर मात्र कोणी लगेच बोलले नाही.

त्या तारखेला मुले नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकावर बालगृहाच्या मावशींजवळ बसली होती. मी पाणी प्यायला बाहेर गेले. मुलीने विचारले, "बाई, आत आमचंच चाललंय का?" मी हो म्हटले. मग काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, "बाळा, आई-बाबा आत्ता कुठे असतील गं?"

"कोपीत हायेत की. कारखान्यावर."

"कुठल्या कारखान्यावर?"

"ते नाय म्हाईत. पण मुकादमाचा नंबर पाठ हाय मला."

आणि तिने दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले. बाजारच्या दिवशी आजी तिला किराणा दुकानात घेऊन जायची आणि नंबर लावायचे काम तिचे असायचे. तीन महिने तो नंबर तिच्याजवळ होता. आम्ही तिला नाव विचारले, गाव विचारले, जात विचारली, कितवीत आहेस ते विचारले, कारण छापील नमुन्यात तेवढेच रकाने होते. कायमचा पत्ता असा रकाना होता. आत्ता कुठे आहेत, असा नव्हता.

पाच दिवसांनी आई आली. कोल्हापूरकडच्या एका फडावरून, दोन एस.टी. बदलून. आजीचे काही कळेना म्हणून तिने मुकादमाला चार वेळा विचारले होते, त्याने 'बघतो' म्हणून सांगितले होते. डोक्यावर उचल होती, हंगाम टाकून येता येत नव्हते. तिने मुलांना पोटाशी धरले आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "मला कळवलं का नाही, बाई?"

आमच्यापैकी एकाने सांगितले, "दोनदा नोटीस लावली होती."

"कुठं?"

"तुमच्या घराच्या दारावर."

"त्या दाराला कुलूप मीच लावून गेले व्हते ना," ती म्हणाली.

तिने ते भांडण्यासाठी म्हटले नव्हते. तिला खरोखरच कळत नव्हते, की जिथे माणूस नाही हे कागदावर लिहून झाले आहे, तिथेच पुन्हा कागद चिकटवण्यात काय अर्थ होता. मलाही तेव्हापासून तो कळलेला नाही.

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे पाच-सहा महिने. कायद्याची मुदत चार महिन्यांची. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून नवरा-बायकोचा एक कोयता मिळून निघालेले कुटुंब परत दारात पाऊल ठेवते, तेव्हा चार महिने उलटून गेलेले असतात. मुदत ठरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल पुढे बोलते. पण ती ठरवताना गळीत हंगामाचे कॅलेंडर कोणी समोर ठेवले नसणार. वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांचेही तेच. त्यांचा कायमचा पत्ता हा वर्षातला बराच काळ रिकामा पत्ता असतो.

आता कायदा काय म्हणतो, ते थोडे बारकाईने पाहू. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे न्यायाचे सर्वांत जुने तत्त्व. बाल न्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात ते आहे. न्याय्य सुनावणीचा हक्क, पक्षपात नसणे, फेरविचार मागण्याचा हक्क, असे सारे तिथे लिहिले आहे. त्याच कलमात मुलाचाही हक्क आहे : त्याच्या हिताशी संबंधित प्रत्येक प्रक्रियेत आणि निर्णयात त्याचे ऐकले जावे, त्याला भाग घेता यावा आणि वय व समज पाहून त्याच्या मताचा विचार व्हावा. इतके स्पष्ट शब्द आपल्या फार थोड्या कायद्यांत सापडतील.

पण तत्त्वांच्या कलमातून कामाच्या कलमांकडे आले, की भाषा बदलते. कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ असते. त्या मंडळाच्या कर्तव्यांत लिहिले आहे की, मूल आणि पालक यांचा प्रत्येक टप्प्यावर समजून-उमजून सहभाग राहील हे पाहावे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी जी समिती आहे, तिच्या कर्तव्यांच्या लांबलचक यादीत हे शब्द नाहीत. पालकांच्या हजेरीबद्दल नव्वदावे कलम आहे. ते म्हणते, समितीला योग्य वाटेल तेव्हा ती पालकांना हजर राहण्यास फर्मावू शकते. म्हणजे हजेरी हा समितीचा अधिकार झाला. 'मला बोलवा' असे म्हणण्याचा आईचा हक्क त्या वाक्यातून थेट निघत नाही. गंमत अशी, की उच्च न्यायालयाने अशा प्रकरणाची फेरतपासणी करताना कोणाच्या विरुद्ध आदेश देण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असे याच कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. समितीला आपला आधीचा आदेश बदलायचा असेल, तरी सर्व संबंधितांचे ऐकावे लागेल, असेही आहे. वरच्या पायरीवर आणि दुसऱ्या फेरीत शब्द पक्के. जिथे सगळे ठरते त्या पहिल्या पायरीवर मात्र ढिले.

अहवालांचेही तसेच. सामाजिक तपासणीचा अहवाल गोपनीय असतो. असायलाच हवा, त्यात मुलाबद्दल नाजूक गोष्टी असतात. परंतु समितीला योग्य वाटल्यास ती त्यातला सारांश मुलाला किंवा पालकांना सांगू शकते आणि त्यावर पुरावा देण्याची संधी देऊ शकते, अशी सोय कायद्यात आहे. माझ्या कारकिर्दीत ही सोय किती वेळा वापरली गेली, ते सांगायला मला संकोच वाटतो. 'अनास्था दिसते' असा शेरा आपल्यावर मारला गेला आहे, हे त्या आईला कुठून कळणार होते? आणि जे माहीतच नाही, ते खोडणार कसे? नुसते खोलीत आणून बसवणे म्हणजे सहभाग नव्हे.

इथे कोणी म्हणेल, समितीकडून चूक झाली तर पुढे दत्तकाचा आदेश व्हायचा असतो ना, तिथे दुरुस्त होईल. तर तसे होत नाही, आणि त्यामागे एक इतिहास आहे. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलांच्या बाबतीतल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्यावर सविस्तर निकाल दिला. आपल्या आजच्या दत्तक व्यवस्थेचा पाया त्या निकालात आहे. त्यात एक आदेश असा होता, की मूल परदेशी कुटुंबाला देण्यासंबंधीच्या कोर्टातल्या अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात छापू नये. कारण जन्मदात्या आई-वडिलांना मूल कोणाकडे गेले ते कळले, तर मुलाच्या आणि नव्या कुटुंबाच्या आयुष्यात पुढे ढवळाढवळ होऊ शकते. त्याऐवजी समाजकल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेला नोटीस देऊन तिच्याकडून प्रकरण तपासून घ्यावे. जन्मदात्या पालकांशी जे बोलायचे, ते आधीच, मूल सोपवण्याच्या वेळीच नीट बोलून घ्यावे आणि त्यांना फेरविचारासाठी सुमारे तीन महिने द्यावेत, असे न्यायालयाने सांगितले. आजच्या कायद्यात ती मुदत दोन महिन्यांची आहे.

हा विचार मला पटतो. दत्तकाची सुनावणी बंद दाराआड व्हावी हेही पटते, आजही ती तशीच होते. फक्त १ सप्टेंबर २०२२ पासून तो आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. पण याचा अर्थ काय होतो पाहा. शेवटच्या टप्प्यावर जन्मदात्यांना बोलवायचे नाही, असे आपण जाणूनबुजून ठरवले आहे. म्हणजे त्यांच्यासाठी दार एकदाच उघडते, समितीच्या टप्प्यावर. तिथली नोटीस चुकली, की पुढे कुठेही ती चूक कोणाच्या लक्षात येण्याची सोय नाही. समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते, योग्य कारण दाखवले तर उशीरही माफ होतो. मात्र आदेश झाल्याचे कळले तर अपील!

केरळमधले एक प्रकरण आपल्यापैकी काहींना आठवत असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये एका तरुणीला मुलगा झाला. आपल्या संमतीशिवाय, आपल्याच घरच्यांनी बाळ दूर केले, अशी तिची तक्रार होती. बाळ तिरुअनंतपुरमच्या बालसंस्थेत पोचले. सोडून दिलेल्या बाळाबाबत व्हायचे ते सारे सोपस्कार झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका जोडप्याकडे दत्तकपूर्व संगोपनासाठी त्याला दिले गेले. आई मात्र त्याच शहरात होती, कार्यालयांचे उंबरठे झिजवत होती, पुढे त्या संस्थेच्या दारात धरणे धरून बसली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बाळाला परत आणले गेले, डी.एन.ए. चाचणी झाली आणि २४ नोव्हेंबरला कुटुंब न्यायालयाच्या आदेशाने ते आईच्या हाती आले. कोणाचे किती चुकले, या वादात मी शिरत नाही. मला आठवते ते आंध्रमधले जोडपे. त्यांचा यात काय दोष होता? तीन महिने त्यांनी ते बाळ वाढवले, रात्री जागवल्या आणि एके दिवशी अधिकारी दारात उभे राहिले. पहिल्या टप्प्यावर आईचे ऐकून घेतले गेले नाही, तर अन्याय फक्त आईवर होतो असे नाही. दत्तक घेणाऱ्यांवर होतो आणि वर्षभराच्या आत तीन हातांत गेलेल्या बाळावर तर सर्वांत जास्त.

आता मुदतीमागचा चांगला हेतू. मी दुसऱ्या बाजूचीही मुले पाहिली आहेत. पालकांचा पत्ता अर्धवट, म्हणून नोटीस परत. पुन्हा पाठवा, पुन्हा परत. सदस्यांची मुदत संपली, नवी समिती यायला वेळ लागला आणि तोवर पाळण्यात आलेले मूल शाळेत जाऊ लागले. ना घरचे, ना दत्तकाचे. दोन महिने आणि चार महिने या मुदती अशा मुलांसाठी आहेत. मुलाच्या आयुष्यातले एक वर्ष हे मोठ्या माणसाच्या एका वर्षाइतके नसते. तेव्हा पालकांना शोधत बसा, कितीही वर्षे लागोत, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्या चार महिन्यांत खरोखर शोधावे. तीन महिने कुलपाकडे बघत घालवू नयेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काही घरांत मुलाला धोका घरातूनच असतो. बापाने किंवा काकाने अत्याचार केलेली मुलगी समितीपुढे येते, तेव्हा त्या घराला ती कुठल्या संस्थेत आहे हे कळणेही धोक्याचे असते. सुनावणीला बोलावणे म्हणजे मुलाचा ठावठिकाणा देणे नव्हे, समोरासमोर उभे करणेही नव्हे. वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत बोलता येते. पण अशा माणसाचेही म्हणणे नोंदवून मग ते फेटाळले, तर तो आदेश अपिलात टिकतो. न ऐकता दिलेला आदेश वरच्या कोर्टात कोसळतो आणि मुलगी पुन्हा त्याच घराच्या वाटेला लागू शकते. मुलांच्या कळकळीपोटी घाई करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे मी नेहमी सांगत आले आहे, त्यांना ते फारसे आवडत नाही.

मुलांचे ऐकण्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालहक्कांचा करार केला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. त्याच्या बाराव्या कलमात मुलाचे मत ऐकले जाण्याचा हक्क आहे. त्यावर लगेच कोणी म्हणते, 'म्हणजे काय, आता पोरांनी निकाल द्यायचा?' तसे नाही. 'तुला आई पाहिजे की बाबा?' असा प्रश्न तर मुलाला कधीच विचारू नये, ते त्याच्या डोक्यावर ओझे टाकणे झाले. पण आज इथे काय ठरणार आहे, हे त्याच्या भाषेत त्याला सांगता येते. काय ठरले, तेही सांगता येते. माझ्या अनुभवात मुलांची सर्वांत मोठी तक्रार निकालाबद्दल नसे. 'मला कोणी सांगितलंच नाही' ही असे. एका मुलाला सकाळी गाडीत बसवून दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात नेले गेले, त्याला वाटले आपण सहलीला चाललो आहोत.

शिवाय मुलांना माहिती असते. त्या मुलीजवळ फोन नंबर होता. कोणाला गावातल्या देवळाचे नाव ठाऊक असते, कोणाला एस.टी.चा रंग आठवतो, कोणी म्हणते आमच्याकडे 'आयी' नाही, 'याडी' म्हणतात. एवढ्या एका शब्दावरून मूल तांड्यावरचे आहे, हे जाणत्या माणसाला कळते. पण ते कळायला ऐकणारा हवा आणि कधीकधी दुभाषा हवा. आमच्याकडे बालगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी हेच काम करायच्या. त्यांच्या पगारात त्याचा एक रुपया नव्हता.

मग काय करता येईल? फार खर्चाच्या गोष्टी नाहीत. छापील नमुन्यात 'सध्या कुठे आहेत' असा एक रकाना घालता येईल. दारावर कागद लावायचाच असेल, तर त्याबरोबर सरपंचाकडे, आशाताईंकडे, मुकादमाकडे चौकशी झाली का, हे लिहिणे सक्तीचे करता येईल. साखर कारखान्याकडे टोळ्यांची नोंद असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावण्याचीही सोय आहे. आज फडावरच्या माणसाच्या खिशातही मोबाईल असतो, आणि वाचता येत नसले तरी आवाजी निरोप ऐकता येतो. नोटिशीची भाषा तर आजच्या आज बदलता येईल. 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, सदर बालकाबाबत' या सुरुवातीपाशीच वाचणारा अडखळतो. 'तुमची मुले आमच्याकडे सुखरूप आहेत, अमुक तारखेला या, आला नाहीत तर मुले तुमच्यापासून दूर जाऊ शकतात' असे का लिहू नये? भीती घालण्यासाठी नव्हे, खरे आहे म्हणून.

आणि भीतीचे म्हणाल, तर पुष्कळशा आया भीतीनेच येत नाहीत. मूल सोडले म्हणून पोलीस पकडतील असे त्यांना वाटते. परित्यक्त किंवा सोपवलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्या पालकावर गुन्हा नोंदवू नये, असे या कायद्यात लिहून ठेवले आहे. ही ओळ त्या नोटिशीवर ठळक छापली, तर कितीतरी बायका पुढे येतील, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ऐकणाऱ्यांपैकी कोणावर, कोणाच्या शेजाऱ्यावर, घरकामाला येणाऱ्या बाईंवर अशी वेळ आली, तर काही गोष्टी सांगून ठेवते. समितीच्या तारखेला जाणे चुकवू नये. जाणे शक्यच नसेल, तर फोन करून आणि लेखी कळवून पुढची तारीख मागावी, त्या अर्जाची पोच घ्यावी. वकील नाही म्हणून घाबरू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते. आजी, मामा, मावशी यांनीही 'आम्हाला कोण विचारतो' असे म्हणून घरी बसू नये, मूल सांभाळण्याची तयारी असेल तर तसा लेखी अर्ज समितीकडे द्यावा. आदेश झाला की त्याची प्रत मागून घ्यावी आणि तिच्यावरची तारीख पाहावी, अपिलाचे ३० दिवस त्या तारखेपासून मोजतात. मूल हरवले असेल तर मुकादमाच्या 'बघतो'वर विसंबू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात जावे आणि हरवलेल्या मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवून घ्यायला लावावी, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच तसे बजावले आहे. लहान मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८, तो कोणत्याही फोनवरून लागतो.

त्या मुलीची आई जाताना आदेशाच्या प्रतीवर अंगठा उठवत होती. थांबली आणि म्हणाली, "वाचून दावा." मी वाचले. 'सदर बालकांचा ताबा मातेस सुपूर्द करण्यात येत आहे' या ओळीपाशी तिने हात वर करून थांबवले आणि 'सुपूर्द' म्हणजे काय ते विचारले. मी सांगण्याआधी मुलगीच म्हणाली, "आय, म्हंजी आता घरी जायचं." मग तिने अंगठा उठवला.